आजीच्या हातातली डबी

वाचकाचं पत्र:

ताई, मी मूळची सांगलीची. आयटीतल्या नोकरीमुळे मेक्सिकोत ग्वादालाहाराला आले आणि इथल्याच मुलाशी लग्न केलं. आम्हाला सहा वर्षांची मुलगी आहे. मी सावळी, तीही माझ्यावर गेली आहे. ती जन्मली तेव्हा सासूबाईंनी दुपट्यातून तिचे कान बाहेर काढून कडा निरखल्या. बाळाचा खरा रंग तिथं कळतो म्हणे. माझ्या वेळी माझ्या आजीनंही हेच केलं होतं, त्यामुळे तेव्हा मला मौज वाटली. आता वाटत नाही.

नणंदेची मुलगी गोरी, घाऱ्या डोळ्यांची. घरात तिला 'ग्वेरीता' म्हणजे गोरुली म्हणतात आणि माझ्या मुलीला 'प्रिएतिता' म्हणजे काळुली. सासूबाई स्वतः माझ्याहून सावळ्या आहेत. सासरे लोस आल्तोसचे, म्हणजे इथल्याच हालिस्को राज्यातल्या पठारावरचे, गोरेपान. नवरा म्हणतो, हे लाडाचे शब्द आहेत, तू उगाच मनाला लावून घेतेस. हल्ली सासूबाई तिला आंघोळीनंतर एका डबीतलं क्रीम चोळतात. आठवडी बाजारातून आणलंय. कशाला, तर 'डाग जातात'.

परवा तिनं शाळेतून घरातल्या माणसांचं चित्र आणलं. सगळ्यांचे चेहरे फिक्या गुलाबी खडूनं रंगवलेले. स्वतःचा तेवढा कोरा. विचारलं तर म्हणाली, 'तो कातडीचा रंग आहे ना आई, माझ्यावर बसत नाही.' त्या खडूला इथं 'कोलोर कार्ने' म्हणतात. मी माझ्या परीनं तिला जपते. दहानंतर उन्हात खेळू देत नाही, समुद्रावर गेलो तरी छत्रीखाली बसवते. पण घरच्यांचं काय करू? खरं सांगते, मंडईत भाजीवाल्यानं मला पहिल्यांदा 'ग्वेरीता' अशी हाक मारली, तेव्हा मी दिवसभर खुशीत होते. आयुष्यात कुणी मला गोरी म्हटलं नव्हतं.

उत्तर:

आधी ती डबी. बाकीचं सगळं आठवडाभर थांबलं तरी चालेल, डबी नको. आज रात्रीच ती ताब्यात घे आणि पुन्हा लेकीच्या अंगाला लागू देऊ नकोस. लेबल असेल तर त्यावर 'मेर्कूरियो', 'कालोमेल' किंवा 'क्लोरूरो मेर्कूरियोसो' यांपैकी काही लिहिलंय का पाहा. लेबलच नसेल तर तो आणखी वाईट संकेत समज. हे सगळे पाऱ्याचेच प्रकार आहेत. पारा कातडीतला रंग तयार होऊ देत नाही, म्हणून काही काळ त्वचा उजळ दिसते आणि माणसं म्हणतात, गुण आला. तोच पारा कातडीतून आत जाऊन मूत्रपिंडांना आणि मज्जासंस्थेला धरतो. १९९६ मध्ये मेक्सिकोत बनलेल्या अशाच एका सौंदर्य क्रीममुळे सीमेपलीकडे टेक्सासमध्ये माणसांच्या शरीरात पारा सापडला होता. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोत एका बाईला मेक्सिकोतून आणलेलं क्रीम लावून इतकी विषबाधा झाली, की तिची वाचा अडखळली, पाय लटपटले आणि पुढे शुद्धही हरपत गेली. तुझ्या डबीत हेच आहे असं मी म्हणत नाही. बाजारातली पुष्कळ क्रीमं निरुपद्रवी असतात, नुसतीच निरुपयोगी. पण सहा वर्षांच्या पोरीवर तपासून बघण्याची ही गोष्ट नव्हे. डबी घट्ट पिशवीत बंद कर, कचऱ्यात टाकू नकोस. ती घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि लघवीतला पारा तपासून घ्या असं स्पष्ट सांग. सासूबाईंचीही तपासणी करून घे. रोज बोटांनी त्याच लावतायत, आणि टॉवेल-उशांवरून ते घरभर जातं.

ही डबी काढून घेताना भांडण होणार असेल तर होऊ दे. बाकी सगळ्या गोष्टी मी तुला सबुरीनं घ्यायला सांगणार आहे, ही एक सोडून.

आता त्या शब्दांविषयी. मी पाच वर्षं मेक्सिको सिटीत राहिले, स्पॅनिश तिथंच पक्कं झालं, आणि तुझा नवरा म्हणतो ते अर्धं खरं आहे हे मला मान्य केलंच पाहिजे. 'प्रिएतिता', 'नेग्रिता', 'मोरेनिता' या काळी-सावळीच्या हाका तिथं पोटच्या पोराला जवळ घेऊनही मारतात. तुझ्या सासूबाईंच्या प्रेमावर मी शंका घेणार नाही. पण त्याच घरात दुसरीला 'ग्वेरीता' म्हणतात, आणि कोणत्या हाकेनंतर 'किती सुंदर' येतं आणि कोणत्या हाकेनंतर 'काळी असली तरी गोड' येतं, हे सहा वर्षांच्या मुलीला बरोबर ऐकू येतं. 'असली तरी' हे दोन शब्द तुझ्या लेकीनं चित्रात कोरे सोडले आहेत.

आणि भाजीवाल्याची हाक. त्यावर हसू नकोस, लाजूही नकोस. तिथल्या मंडईत गिऱ्हाईक कोणत्याही रंगाचं असो, विक्रेता 'काय देऊ, ग्वेरीता?' असंच विचारतो. त्या हाकेत रंग नसतो, मान असतो. पण मान द्यायचा तर 'गोरी'च म्हणावं लागतं, यातच त्या देशाची तीनशे वर्षं आली.

ती तीनशे वर्षं थोडी सांगते, कारण तुझी सासू हे सगळं स्वतःच्या पदरचं बोलत नाही. स्पॅनिश राज्यात, अठराव्या शतकात, मेक्सिकोत 'कास्ता' म्हणजे जातींच्या चित्रांची टूम निघाली होती. बहुधा सोळा चित्रांचा एक संच. प्रत्येक चित्रात बाप, आई आणि मूल, आणि खाली लिहिलेलं की अमुक आणि तमुक मिळून काय जन्मतं. स्पॅनिश पुरुष आणि आदिवासी बाई यांचं मूल मेस्तिसो. मेस्तिसोचा पुन्हा स्पॅनिशाशी संबंध झाला की कास्तिसो. कास्तिसोचा पुन्हा स्पॅनिशाशी झाला, की मूल परत स्पॅनिश. तीन पिढ्यांत पाटी कोरी. आफ्रिकी रक्ताला मात्र ही सवलत नव्हती. त्या ओळीत एक चित्र असतं: बाप स्पॅनिश, आई जवळजवळ गोरी, आणि मूल अचानक सावळं. त्या मुलासाठी शब्द होता 'तोर्नात्रास', म्हणजे मागं फिरलेलं. मी अशा चित्रासमोर पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा त्या मुलाच्या चेहऱ्याकडे बघत बसले. चित्रकारानं ते मूल फार प्रेमानं रंगवलं होतं, आणि खाली त्याला चूक म्हणून लिहिलं होतं.

तुझ्या सासूबाईंनी कानाच्या कडा पाहिल्या ना, त्या याच चित्रात डोकावून पाहत होत्या.

कायद्यानं हे केव्हाच संपलं. तू राहतेस त्याच शहरात, ६ डिसेंबर १८१० ला स्वातंत्र्ययुद्ध सुरू करणारे मिगेल इदाल्गो यांनी गुलामगिरी रद्द केल्याचा फतवा काढला. तिथल्या राजवाड्याच्या जिन्यावर चित्रकार ओरोस्कोनं रंगवलेला, हातात पेटता पलिता घेतलेला प्रचंड इदाल्गो तू पाहिला असशीलच. १८१३ मध्ये त्याच लढ्यातले पुढारी मोरेलोस यांनी जातीचे भेद नकोत असं लिहून ठेवलं. १८२९ मध्ये आफ्रिकी वंशाचे व्हिसेंते गेरेरो राष्ट्राध्यक्ष झाले, पुढे सापोतेक आदिवासी बेनितो हुआरेस झाले. १९२५ मध्ये विचारवंत होसे व्हास्कोन्सेलोस यांनी, सगळे वंश मिसळून जो नवा माणूस घडेल तोच आमचा भविष्यकाळ, असं मांडलं, आणि मेक्सिकोनं ते डोक्यावर घेतलं. आम्ही सगळे मेस्तिसो, मग आमच्यात वंशभेद कुठला, हे वाक्य मी तिथं शिकलेल्या-सवरलेल्या माणसांकडून किती वेळा ऐकलं असेल! पण त्या मिसळण्याला घरोघरी एक दिशा होती. 'मेहोरार ला रासा', वंश सुधारणं. लग्नाच्या मुलीला आई-आत्या सांगायच्या, जमलं तर आपल्याहून उजळ बघ. हा सल्ला म्हणून दिला जायचा, दुष्टपणानं नव्हे.

सौंदर्यस्पर्धासुद्धा बघ. १९२१ मध्ये स्वातंत्र्याच्या शताब्दीला 'एल उनिवेर्साल' या वर्तमानपत्रानं 'इंदिया बोनिता' म्हणजे सुंदर आदिवासी मुलगी निवडण्याची स्पर्धा घेतली. पुएब्लाच्या डोंगराळ भागातली मारिया बिबियाना उरिबे जिंकली. देशभर कौतुक झालं, ते खरंही होतं. पण ती स्पर्धा वेगळी होती, हे विसरता येत नाही. नुसत्या 'सुंदर मुली'च्या स्पर्धेत ती नव्हती.

अजून तसंच आहे. २०१३ मध्ये तिथल्या एका विमान कंपनीच्या जाहिरातीसाठी माणसं निवडायची होती, आणि निवडीच्या सूचनेत सावळी माणसं नकोत असं चक्क लिहिलं होतं. बोभाटा झाल्यावर माफी मागितली गेली. जाहिरातवाल्यांचा तिथला ठरलेला शब्द आहे 'आंतरराष्ट्रीय लॅटिनो' चेहरा, म्हणजे काळे केस चालतील, कातडी नको. वाहाका राज्यातल्या त्लाशियाकोची, बालवाडी शिक्षिकेचं शिक्षण घेतलेली यालित्सा आपारिसियो एका चित्रपटामुळे २०१९ मध्ये ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचली, 'व्होग'च्या मेक्सिकन आवृत्तीच्या मुखपृष्ठावर आली. त्या वेळी लहान मुलींच्या शाळांतून केवढा आनंद होता. आणि त्याच दिवसांत मालिकांतला एक नावाजलेला नट तिला 'इंदिया' म्हणून हिणवताना एका व्हिडिओत सापडला.

हे नुसतं दिसण्यापुरतं असतं तर मी तुला म्हटलं असतं, सोडून दे. २०१६ मध्ये तिथल्या 'इनेही' या सरकारी सांख्यिकी संस्थेनं एका पाहणीत लोकांच्या हातात अकरा छटांचा तक्ता दिला आणि यातला तुमचा चेहरा कोणता, असं विचारलं. जितकी छटा फिकी, तितकं सरासरीनं शिक्षण जास्त आणि काम वरच्या दर्जाचं, असं निघालं. त्यामुळे आजी जेव्हा क्रीम चोळते तेव्हा तिच्या डोक्यात फक्त रूप नसतं. या पोरीला दारं उघडतील ना, ही धास्ती असते.

म्हणून मला तुझ्या पत्रातली सासू, रागावूनसुद्धा, डोळ्यांसमोरून जात नाही. ती तुझ्याहून सावळी, नवरा लोस आल्तोसचा. त्या पठारावरच्या लोकांच्या गोरेपणाविषयी १८६० च्या दशकात मेक्सिकोवर चालून आलेल्या फ्रेंच सैनिकांच्या गोष्टी सांगतात. त्यापेक्षा तिथं खूप आधीपासून वसलेली स्पॅनिश पशुपालक कुटुंबं हे कारण साधं आणि खरं आहे, पण हालिस्कोत या गोरेपणाचा अभिमान किती मोठा, हे तू जाणतेसच. अशा घरात सावळी सून म्हणून जाताना त्या बाईनं काय काय ऐकलं असेल? मला वाटतं, गोरी लेकरं ही तिची जन्माची कमाई होती. एका नातीत ती कमाई टिकली, आणि दुसरी नात स्वतःच्याच चेहऱ्याची निघाली. ती तुझ्या लेकीला क्रीम चोळत नाही. ती स्वतःला चोळतेय.

तिच्याशी बोल. पण 'तुम्ही वंशभेद करता' असं म्हणून नको. तो शब्द तिच्यासाठी अमेरिकेतला, टीव्हीवरचा, भलत्याच लोकांचा आहे. मक्याच्या पिठाचे तामालेस करायला तुम्ही दोघी बसाल, हात पिठात असतील, समोर कुणी नसेल, तेव्हा विचार: 'तुम्हाला लहानपणी काय म्हणायचे?' आणि गप्प बस. ती बोलेल किंवा नाही बोलणार. बोललीच तर मध्ये तुझ्या लेकीचा विषय काढू नकोस. सांगलीत तुला पाहायला आलेल्या माणसांनी काय म्हटलं होतं, ते तिला सांग. 'गव्हाळ' आणि 'निमगोरी' हे शब्द तिला समजावून सांग. आपल्याकडे पांडुरंगाचं सावळेपण ओवाळायचं आणि सुनेचं झाकायचं, हे तिला एका क्षणात कळेल. कारण तिच्याही देशाची माता सावळीच आहे. ग्वादालुपेच्या मातेला, म्हणजे मेरीच्या तिथल्या रूपाला, ती रोज 'ला मोरेनिता' म्हणून हात जोडत असेल.

मला १२ डिसेंबरचा, त्या मातेच्या सणाचा, मेक्सिको सिटीतला एक प्रसंग आठवतो. तुमच्याकडेही त्या दिवशी मुलांना 'इंदितो' म्हणजे छोटे आदिवासी म्हणून सजवतात: मुलग्यांना काळ्या पेन्सिलीनं मिशा, मुलींना भरतकामाचं पोलकं, रिबिनी गुंफलेल्या दोन वेण्या. मातेच्या मोठ्या चर्चच्या, बासिलिकाच्या, बाहेर फोटोवाले पडदे लावून बसतात. एक आई मुलीला लाकडी घोड्याजवळ उभी करून घाईघाईनं तिच्या गालांना, कपाळाला, मानेला पावडर लावत होती. फोटोवाला थांबून होता. पोलकं आदिवासी, वेण्या आदिवासी, मागच्या पडद्यावर सावळी माता, आणि मधोमध पांढुरका केलेला चेहरा. मुलगी शिंकली, सगळे हसले. मला हसता आलं नाही. ही माता ज्याला दिसली असं मानतात त्या हुआन दिएगो या आदिवासी भक्ताला २००२ मध्ये संतपद दिलं तेव्हा त्याचं जे अधिकृत चित्र फिरवलं, त्यातला चेहरा दाढीवाल्या गोऱ्या युरोपियनाचा वाटतो म्हणून तिथल्याच लोकांनी तक्रार केली होती. तेव्हा ही पावडर बरीच वरपर्यंत लागलेली आहे.

नवऱ्याविषयी थोडक्यात. आईला थांबवणं हे त्याचं काम आहे, तुझं नाही. सुनेनं सांगितलं की तो परदेशी मुलीचा नखरा होतो, मुलानं सांगितलं की ते घरचं म्हणणं होतं. त्याला शब्दांच्या अर्थावर वाद घालायला लावू नकोस, तो जिंकेल. त्याच्यासमोर ते चित्र ठेव. कोरा चेहरा त्याला दाखव आणि विचार, लाडानं असं होतं का? मग त्यानं आईला एवढंच सांगावं: दोघी नातींना नावानं हाक मारायची आणि एकीची दुसरीशी रंगावरून तुलना करायची नाही. गोरीलाही 'ग्वेरीता' नको. त्या मुलीच्याही वाट्याला गोरेपणाशिवाय काही येत नाहीये, हे तिच्या आईच्या अजून लक्षात आलेलं नसावं.

२०११ च्या सुमाराला मेक्सिकोत भेदभाव प्रतिबंधाच्या राष्ट्रीय परिषदेच्या सहभागानं मुलांचा एक व्हिडिओ आला होता. समोर एक गोरी बाहुली, एक सावळी. सुंदर कोणती? बहुतेक मुलं गोरीकडे बोट दाखवतात. मग विचारलं, तुझ्यासारखी कोणती? तिथं बोट अडखळतं. हे सांगते ते अशासाठी, की तुझ्या लेकीला आता 'तू सुंदर आहेस' असं दिवसातून दहा वेळा सांगत सुटू नकोस. ते तिला समजूत घातल्यासारखं वाटेल. तिला खडू दे. तपकिरी, नारिंगी, थोडा पिवळा, थोडा लाल. हात कागदावर टेकवायचा आणि शेजारी छटा जुळवायची. दोन-तीन दुपारी जातील, जाऊ देत. आधी तू तुझा हात जुळव, मग तिला जुळवू दे, मग बाबाचा, मग आजीचा. जुळलेल्या रंगाला नाव तिनं द्यायचं. तोनाला हे गाव तुमच्या शहरालाच लागून आहे, तिथं कुंभारांकडे घेऊन जा. कच्ची माती आणि भाजलेली माती यांत किती रंग असतात ते तिला बोटांनी बघू दे. पिलोन्सिल्यो म्हणजे आपली गुळाची ढेपच, तीही एका रंगाची नसते. शाळेत बाईंना भेटून सांग, त्या खडूला 'फिका गुलाबी' म्हणा. एवढी साधी गोष्ट बहुतेक शिक्षिका लगेच ऐकतात. नाही ऐकली तर पुन्हा जा.

आता तुझ्याविषयी. तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं: 'दहानंतर उन्हात खेळू देत नाही.' ते तू स्वतःच्या बाजूनं लिहिलं आहेस, जपते म्हणून. उन्हाच्या झळांसाठी जपत असतीस तर मी काही बोलले नसते. त्यासाठी टोपी आणि सनस्क्रीन पुरतं. पण तू छत्रीखाली का बसवतेस ते तुलाही माहीत आहे आणि, हे लिहिताना मला वाईट वाटतं, तिलाही माहीत आहे. आते-चुलत भावंडं पाण्यात खेळतात आणि तिला तू हाक मारून परत बोलावतेस, एकटीलाच. आजीची डबी आणि तुझी छत्री तिच्या दृष्टीनं एकच गोष्ट सांगतात. सांगलीहून व्हिडिओ कॉलवर तुझी आई 'काळवंडली गं पोरगी' म्हणते का? म्हणत असेल तर तिलाही थांबव, मराठीत, लेकीच्या समोर, म्हणजे लेकीला ऐकू जाईल.

सगळी चूक तुझीच आहे असं मला म्हणायचं नाही. तुझ्या कानाच्या कडा पाहिल्या गेल्या तेव्हा तू काही तासांची होतीस. पण सासूबाईंशी बोलायला जाण्याआधी एका शनिवारी सकाळी अकरा वाजता टोपी घालून तिला बागेत सोड आणि तूही बाकावर सावलीत न बसता तिच्याबरोबर हिंड. परत आल्यावर आरशात बघून काही बोलू नकोस. तपासणीचा निकाल आला की मला कळव. डॉक्टरांनी लिहून दिलेलं काही समजलं नाही, तर त्याचा फोटो पाठव, मी वाचून मराठीत सांगते.